मागच्या दाराजवळची पेटी

१

कुक बाईंचा चंद्रघट फुटला हे कळलं, तेव्हा मला आधी काय वाटलं ते सांगूनच टाकते. बरं वाटलं. मग बाईंच्या व्हॅनला नाक टेकून उभी असलेली गाडी आमची आहे हे आठवलं आणि ते बरं वाटणं तिथल्या तिथे आटपलं.

मे महिन्यातल्या जोडून आलेल्या सुट्ट्या होत्या. अर्धं पुसान गाड्या घेऊन जपानला निघालं होतं. जहाज रात्रभर चालून सकाळी शिमोनोसेकीच्या बंदराबाहेर येऊन थांबलं होतं, कारण जकातवाले कामावर आल्याशिवाय आत घेत नाहीत. वरच्या मजल्यावर लोक वळकट्या आवरत होते, आंघोळीच्या रांगेत भांडत होते. तेवढ्यात आमचं आणि कुक बाईंचं नाव पुकारलं गेलं, ताबडतोब गाड्यांच्या मजल्यावर या म्हणून.

खाली जहाजाचे व्यवस्थापक सॉक साहेब कमरेवर हात ठेवून उभे होते. आमची करड्या रंगाची छोटी गाडी, तिच्यावर पाइनच्या परागाचा पिवळा थर, आणि तिचं नाक व्हॅनच्या मागच्या दाराला टेकलेलं.

"गाडी न्यूट्रलला आहे," सॉक साहेब माझ्या नवऱ्याला म्हणाले. "हँडब्रेकही सोडलेला. समुद्रात गाडी अशी ठेवतात का, साहेब?"

"मी ओढला होता हो!" छान-ग्यू म्हणाला. माझा नवरा खोटं बोलला की त्याचे कान लाल होतात. कान पांढरे होते.

कुक सन-ह्वा बाई तेवढ्यात आल्या, मागून त्यांचे दोन शिष्य. बाई म्हणजे देशात नाव असलेल्या कुंभार. पन्नाशी उलटलेली, पण चालणं असं की फरशीनं आभार मानावेत. गाड्यांकडे त्यांनी एकदाच पाहिलं आणि शेजारी उभ्या असलेल्या शिष्येच्या खांद्यावर हात ठेवला.

"रडू नकोस, हारिन. घट काय, पुन्हा घडवता येतात."

हारिन रडत नव्हती. ती नुसती गोंधळून बाईंकडे बघत राहिली.

सॉक साहेबांनी आणि छान-ग्यूनं दोन्ही बाजूंनी दारांच्या चौकटी धरून आमची गाडी मागे ढकलली. तोंग-शिक नावाच्या शिष्यानं व्हॅनचं मागचं दार उघडलं. आत पट्ट्यापट्ट्यांच्या दोन लाकडी पेट्या होत्या, दोन्हींवर सारख्याच गोधड्या. दाराजवळच्या पेटीवरची गोधडी हारिननं काढली, गवत बाजूला केलं आणि तिचा हात तिथंच थांबला. पौर्णिमेच्या चंद्रासारखा गोल, पांढरा घट कमरेतून दुभंगला होता. खालच्या वाटीचे तुकडे झाले होते. तिनं बुडाचा तुकडा उचलला, उलटा करून खूण पाहिली.

"बाई," ती हळूच म्हणाली, "हा तुमचा आहे."

कुक बाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्यांनी तुकड्याकडे पाहिलं नाही. आतल्या बाजूच्या दुसऱ्या पेटीकडे पाहिलं, मग हारिनकडे.

"तूच फोडलास," त्या म्हणाल्या.

२

आता आदल्या संध्याकाळचं सांगते. मी ते सगळं नीट पाहिलेलं आहे, कारण मी जळत होते आणि जळणाऱ्या बाईइतकं बारीक लक्ष कुणाचंच नसतं.

माझं नाव थाक ओक-जू. गाड्यांच्या विम्याची तपासनीस आहे. ठोकलेली गाडी बघायची आणि मालक कुठे खोटं बोलतोय ते सांगायचं, हा माझा धंदा. छान-ग्यू म्हणतो, मी घरीही तेच करते. करते. त्यानं तशी वेळच आणू नये.

बंदरावर गाड्यांची रांग हलता हलत नव्हती. आमच्या पुढे ती व्हॅन. पाय मोकळे करायला कुक बाई उतरल्या. अंगात गडद निळा कोट, डाग नाही की चुणी नाही. छान-ग्यूनं त्यांना ओळखलं आणि लहान मुलासारखा धावला. यंत्रातून दोन कॉफ्या काढल्या. दोनच. तिसरी कुणाला हवी का, हे विचारायचं त्याच्या डोक्यातही आलं नाही. वर त्यातली अर्धी स्वतःच्या शर्टावर सांडली, तर बाईंनी आपला पांढरा रुमाल काढून दिला. त्यानं तो वापरून खिशात घातला. परत केला नाही!

मग गप्पा. बाई सेऊलला राहतात, भट्टीवर फक्त शनिवार-रविवारी जातात.

"आमच्या संकुलात गाड्या तीन-तीन रांगांत लागतात," त्या सांगत होत्या. "आडवी लावणाऱ्यानं न्यूट्रलला ठेवून, ब्रेक सोडून जायचं. ज्याला बाहेर पडायचं त्यानं ढकलायची. मला तर रोज सकाळी दोन-तीन ढकलाव्या लागतात."

"आमच्या टेकडीवर अशी ठेवली तर गाडी थेट मासळीबाजारात जाऊन बसेल!" छान-ग्यू म्हणाला. "मी ब्रेक असा ओढतो की बायकोला सोडवायला दोन हात लागतात. पण बाई, हे नाजूक हात, आणि गाड्या ढकलता?"

"हात नाही हो लावत. मनगटं मातीसाठी राखायची. मी पाठ लावून ढकलते."

यावर माझा नवरा इतका हसला की शेजारच्या गाडीतल्या आजीनं काच खाली करून पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या कुठल्या विनोदावर तो असा हसल्याचं आठवत नाही.

त्याच वेळी बाईंच्या पाठीमागे त्यांचे दोघे शिष्य व्हॅनचं दार उघडून पेट्या बाहेर काढत होते आणि परत आत ठेवत होते. तोंग-शिक घामाघूम होऊन पुटपुटत होता. बाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. कसं असणार?

जहाजात शिरल्यावर व्हॅनमागे आमची गाडी लागली. रांगेत शेवटची. मधे एक माणूस जेमतेम उभा राहील एवढी जागा. नियमाप्रमाणे सगळ्यांनी किल्ल्या गाडीतच ठेवल्या. तोंग-शिकनं व्हॅन लावल्यावर आतून वीट काढून चाकाखाली सारली, तेव्हा डेकवरचे खलाशी त्याला हसले. "गावाकडची सवय," तो म्हणाला.

त्यानंतर खालचा मजला बंद होईपर्यंत जो तो काही ना काही विसरल्याचं सांगून परत खाली जात होता. तोंग-शिक सुके मासे आणि दारूची बाटली आणायला गेला. हारिन पेट्यांचे पट्टे तपासायला. बाई औषध आणायला. माझा नवरा अंघोळीचा पंचा आणायला. साखळ्या ओढण्याचा असा खणखणाट चालला होता की शेजारचं बोलणं ऐकू येत नव्हतं.

जेवायला नेमके एकाच मेजावर आलो. बाईंनी चमचा उचलेपर्यंत हारिननं आपल्या सूपला हात लावला नाही. सूप निवून गेलं. जेवताना कळलं की शिमोनोसेकीजवळच्या एका कुंभारगावात मोठं प्रदर्शन आहे. मधल्या चौथऱ्यावर एकच घट ठेवणार. दोन्ही घट पाहून तिथले वडीलधारे ठरवणार, गुरूचा की शिष्येचा.

"आणि छायाचित्रं पाहूनच ते सारखं हारिनबद्दल विचारतायत," तोंग-शिक बाटली उघडत म्हणाला. "तिला तिथं तीन वर्षं शिकायला ठेवून घेणार म्हणे. आम्ही आपले विटा सारायला."

"जेव," बाई हसून म्हणाल्या. हसू छान होतं. डोळ्यांपर्यंत पोचलं नव्हतं. ते हसू मी ओळखते, आरशात रोज बघते.

बाई उठून गेल्या तेव्हा मला दिसलं, त्या निळ्या कोटाच्या मागे, कमरेखाली, हा एवढा पिवळा डाग. मी सांगू शकले असते. नाही सांगितलं. म्हटलं, फिरू दे अशीच सगळ्या जहाजभर.

३

सॉक साहेबांनी आम्हाला त्यांच्या खोलीत बसवलं. जहाज एव्हाना बंदरात शिरत होतं, खिडकीतून धक्क्यावर चार माणसं हातात फुलं घेऊन उभी दिसत होती. बाईंना घ्यायला आलेली.

"माझ्या मते साधी गोष्ट आहे," सॉक साहेब माझ्या नवऱ्याकडे बोट दाखवत म्हणाले. "पांग साहेबांनी गाडी न्यूट्रलला ठेवली, जहाज हललं, गाडी आदळली, घट फुटला."

छान-ग्यू उठला आणि बाईंच्या पुढ्यात चक्क गुडघे टेकायला निघाला. मी त्याचा पट्टा धरून मागे ओढला.

"अहो, बसा खाली!"

"अगं, पण इतकी सुंदर वस्तू माझ्यामुळे..."

"तुमच्यामुळे काही नाही. बसा."

"यांचा काही दोष नाही," कुक बाई म्हणाल्या. "दोष हिचा आहे. माझा घट आत, सीटमागे ठेवायला सांगितला होता. हिनं तो मुद्दाम दाराजवळ ठेवला. गाडी आदळली नसती तरी हिनं काहीतरी केलंच असतं. आता चौथऱ्यावर हिचाच घट राहणार ना?" त्या सॉक साहेबांकडे वळल्या. "ही माझ्या आमंत्रणावर आली आहे. आमंत्रण मी मागे घेते. हिला जहाजातून उतरवू नका. हिचा घटही उतरणार नाही. संध्याकाळी परत न्या."

हारिननं मान खाली घातली. तोंग-शिक काहीतरी बोलायला गेला, बाईंनी हातानंच गप्प केलं. बाई खोलीबाहेर गेल्या.

"तुम्ही काही बोलत का नाहीस गं?" मी हारिनला विचारलं. घाईत माझं धड 'तुम्ही'ही नाही आणि 'तू'ही नाही झालं.

"बाईंसमोर कसं बोलू?" ती म्हणाली. "सात वर्षं त्यांच्या हाताखाली आहे. त्यांनी शिकवलं नसतं तर मला माती मळतासुद्धा आली नसती."

"आणि परत गेलीस तर?"

"भट्टीवर तर आता ठेवणार नाहीत. बाईंनी हाकललेल्या मुलीला दुसरं कोण घेईल?"

सॉक साहेबांना मी म्हटलं, गाड्या उतरवायला लागेपर्यंत मला मोकळीक द्या. त्यांनी माझ्याकडे जरा संशयानंच पाहिलं. "तुमच्या साहेबांना वाचवायचंय म्हणून?"

"त्यांना मी घरी गेल्यावर बघून घेईन," मी म्हटलं. "तुम्ही मला खाली घेऊन चला. तुमच्या त्या साध्या गोष्टीत तीन भोकं आहेत."

४

पहिलं भोक व्हॅनच्या दारावर होतं, म्हणजे नव्हतं. बोटाच्या नखाएवढा पोचा. शेजारचा मागचा दिवा शाबूत, त्याच्या काचेला चरासुद्धा नाही. ज्या धक्क्यानं दिव्याची काच फुटत नाही, त्यानं गवतात आणि गोधडीत बसवलेला घट फुटेल? मी विम्याचा असा दावा दारातूनच परत पाठवला असता.

"मग कुणीतरी आधीच फोडला," सॉक साहेब म्हणाले.

"पेटीच्या फटीतून काहीतरी लोखंडी घालून. बरोबर सांध्यावर. घट दोन वाट्या जोडून करतात, आणि तो सांधा कुठे असतो ते कुंभाराला डोळे मिटून कळतं."

व्हॅनमधला जॅकचा दांडा आपल्या जागी होता, पण त्याला गोधडीचा धागा अडकला होता.

"दुसरं भोक. आता मला सांगा, व्हॅनचं हे दार वर उघडायला किती जागा लागते?"

सॉक साहेबांनी दार उघडलं आणि पावलांनी जागा मोजली. आमची गाडी काल जिथे लावली होती, तिथे ती असताना हे दार उघडलंच नसतं. म्हणजे घट फोडणाऱ्याला आधी आमची गाडी मागे सरकवावी लागली. इंजिन सुरू केलं तर खलाशी धावत येणार. किल्ली गाडीतच होती. नुसता ब्रेक सोडून, न्यूट्रलला टाकून ढकलली की झालं. खलाशानं नंतर येऊन चाकाच्या मागे पाचर लावली, ती तशीच होती. पुढे काहीच नव्हतं. जहाज डोललं आणि गाडी हळूच पुढे येऊन टेकली.

तिसरं भोक आमच्या बॉनेटवर होतं. पिवळ्या परागाच्या थरात कुठेही हाताचे ठसे नव्हते. मधोमध एक रुंद पट्टा पुसला गेला होता, कुणी टेकून बसावं तसा.

मी तोंग-शिकला गाठलं तेव्हा तो कागदी पेल्यातल्या शेवया ओरपत होता.

"तुम्हाला हारिनचा मत्सर वाटतो?" मी सरळच विचारलं.

"वाटतो की. बाईंचाही वाटतो. तुमच्या नवऱ्याच्या नव्या बुटांचासुद्धा वाटला." त्यानं शेवया सुर्रकन ओढल्या. "पण ताई, मी फोडायला गेलो असतो तर एक फोडून थांबलो नसतो. दोन्ही फोडले असते, आणि नंतर प्यायलो असतो."

"आधीच प्यायला असाल."

"मग तर हात नीट लागलाच नसता."

"गाडी लावताना न्यूट्रलला ठेवता कधी?"

"आमची भट्टी डोंगरावर आहे. गाडी गिअरमध्ये टाकून चाकाला दगड लावल्याशिवाय आमची आई जेवायला वाढत नाही." तो हसायचा थांबला. "हारिनला तर गाडी येतच नाही. सुरू कशी करतात तेही ठाऊक नाही तिला. पोरगी वाईट नाहीये, ताई. फक्त कंबर मोडते माणसाची. काल बंदरावर दोन्ही पेट्या काढायला लावल्या आणि उलट्या ठेवायला लावल्या."

हारिन खिडकीपाशी धक्क्यावरच्या फुलांकडे बघत उभी होती.

"पेट्या का बदलल्यास?" मी विचारलं.

"बाई म्हणाल्या होत्या, त्यांची आत ठेव, माझी दाराजवळ. आत धक्के कमी बसतात ना. मी तशाच ठेवल्या. पण नंतर मनात आलं, उतरवताना दाराजवळची आधी निघणार. एवढी मोठी माणसं स्वागताला येणार, आणि त्यांच्यासमोर बाईंच्या आधी माझी पेटी खाली उतरणार? ते कसं दिसेल?" तिनं ओठ चावला. "म्हणून बाईंची दाराजवळ घेतली. खाली तीन पदरी गवत घातलं, धक्के बसू नयेत म्हणून."

"बाईंना सांगितलंस?"

"सांगायचं राहून गेलं. बाई तेव्हा कॉफी पीत होत्या."

कुणाबरोबर, ते मला कुणी सांगायची गरज नव्हती.

५

सगळे पुन्हा सॉक साहेबांच्या खोलीत जमले. बाईंनी कोट घडी करून मांडीवर घेतला होता.

"बाई," मी म्हटलं, "मला एक सांगा. सकाळी तुम्ही खाली आलात. गाडी नुसती टेकलेली होती. दार बंद, पेट्या गोधड्यांत. तरी तुम्ही हारिनला म्हणालात, रडू नकोस, घट पुन्हा घडवता येतात. आम्हा कुणाच्या मनातही तोवर घट फुटल्याचं आलं नव्हतं. तुम्हाला कसं कळलं?"

"गाडी आदळलेली दिसली. भीती वाटली."

"भीती वाटली तर स्वतःच्या घटाची आधी वाटते. तुम्ही सांत्वन तिचं केलंत. कारण दाराजवळ तिचा घट आहे असं तुम्ही धरून चालला होतात. तोंग-शिकला ठाऊक होतं की तिथं तुमचा आहे. हारिनला ठाऊक होतं. या तिघांत फक्त तुम्हालाच ठाऊक नव्हतं."

"म्हणजे मी माझाच घट फोडला म्हणायचंय?" बाई हसल्या. "तुम्हाला माझा राग आहे, ताई. काल संध्याकाळपासून दिसतोय. तुमचे यजमान माझ्याशी चार शब्द बोलले म्हणून..."

"आहे ना राग!" मी म्हटलं. "म्हणूनच तर तुमचा शब्दन्‌शब्द पाठ आहे मला. आमची गाडी कुणीतरी मागे सरकवली. तोंग-शिक असता तर त्यानं काम झाल्यावर गाडी गिअरमध्ये टाकून वीट सारली असती. हारिनला गिअर ठाऊक नाही. माझा नवरा ब्रेक ओढल्याशिवाय गाडीतून पाय बाहेर टाकत नाही. पण जिला रोज सकाळी दुसऱ्यांच्या गाड्या ढकलायची सवय आहे, ती ढकलून झाली की गाडी तशीच सोडून जाते. न्यूट्रलला, ब्रेक सोडून. तुमच्या संकुलात तोच शिष्टाचार. तुमच्या मनातही आलं नसेल. सकाळी गाडी पुढे येऊन टेकलेली पाहिलीत तेव्हा तुम्हाला वाटलं असेल, देवच पावला."

छान-ग्यूचे कान लाल झाले होते, लाजेनं.

"आणि बॉनेटवर हाताचे ठसे नाहीत. पाठ लावून ढकललंय. मनगटं मातीसाठी राखायची ना?"

"कुणीही पाठ लावू शकतं," बाई म्हणाल्या, पण आवाज खाली आला होता.

"हो. पण स्वतःची पाठ कुणालाच दिसत नाही. बाई, तो कोट जरा उलटा करा."

त्यांनी केला नाही. हारिन पुढे झाली. दोन्ही हातांनी, अदबीनं, तिनं कोट बाईंच्या मांडीवरून उचलला आणि उलगडला. गडद निळ्या कापडावर पिवळा पट्टा होता, आमच्या बॉनेटवर पुसलेल्या जागेएवढा.

"काल रात्री जेवताना मी तो पाहिला होता," मी म्हटलं. "तुम्हाला सांगितलं नाही. तुमची फजिती व्हावी म्हणून."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. एकमेकींना ओळखल्यासारखं काहीतरी होतं, आणि ते मला रागापेक्षा जड गेलं.

६

सॉक साहेबांनी घसा साफ केला. स्वतःचाच घट फोडल्याबद्दल कुणावर काय लावायचं, हे त्यांना कळेना.

"सत्तावीस वर्षं मी दोन वाट्या जोडतेय," कुक बाई म्हणाल्या. त्या हारिनशीच बोलत होत्या, आम्ही तिथं नसल्यासारख्या. "बोट फिरवलं की माझा सांधा हाताला लागतो. डोळ्यांना दिसत नाही, पण लागतो. तुझ्या घटावरून मी तू नसताना बोट फिरवलं. लागला नाही. परत फिरवलं. रोज फिरवत होते. तुला मीच शिकवलं, आणि मला जे जमलं नाही ते तुला कुणी शिकवलं?"

हारिनच्या डोळ्यांत आता पाणी आलं.

"बाई, फोडायच्या आधी एकदा गोधडी बाजूला करून बघायचं होतंत. तुमचा घट तुम्ही लगेच ओळखला असता."

"बघितलं असतं," बाई म्हणाल्या, "तर फोडता आला नसता. तुझाच समोर दिसेल असं वाटलं होतं मला."

तोंग-शिकनं तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

भोंगा झाला. जहाज धक्क्याला लागलं आणि गाड्या उतरायला सुरुवात झाली. हारिनला परत नेण्याबद्दल सॉक साहेबांनी विचारलं नाही, बाईंनीही काढलं नाही. तोंग-शिकनं वीट काढून आत टाकली आणि व्हॅन बाहेर नेली. मागोमाग आम्ही.

जकातीच्या पलीकडे फुलं घेतलेली माणसं वाकून वाकून नमस्कार करत होती. त्यांच्यातले सर्वांत म्हातारे गृहस्थ व्हॅनच्या मागच्या दाराकडे बघत होते. हारिननं दार उघडलं. दाराजवळ बाईंची पेटी होती, त्यावर पुन्हा नीट गोधडी घातलेली. ती पेटी आधी उतरवायला हारिननं हात घातला. फुटलेली असली तरी बाईंची होती.

"थांब," कुक बाई म्हणाल्या.

त्यांनी फुटलेली पेटी स्वतः एका बाजूला सरकवली. आत वाकून दुसऱ्या पेटीला हात घातला. सगळा भार मनगटांवर आला, तोंग-शिक मदतीला धावला तर त्यांनी त्याला हटवलं.

"आधी हिची," त्या म्हणाल्या, आणि पेटी उचलून म्हाताऱ्या गृहस्थांच्या पायाशी ठेवली.

हारिननं मान लववली, इतकी खाली की केस जमिनीला लागले. बाई मात्र तशाच उभ्या राहिल्या. हात रिकामे होते, रडू येत होतं आणि पुसायला काही नव्हतं.

माझ्या शेजारी छान-ग्यूनं नाक ओढलं आणि खिशातून तो पांढरा रुमाल काढला. तिच्यासाठी रडत होता, तिच्याच रुमालात. मी तो त्याच्या हातातून ओढून घेतला, रस्ता ओलांडला आणि कुक बाईंच्या हातात दिला.

"तुमचा आहे," मी म्हटलं. "आमच्याकडे राहिला होता."

परत येऊन गाडीत बसले तेव्हा छान-ग्यू हँडब्रेक सोडवत होता. नेहमीसारखाच घट्ट ओढलेला. त्याला एका हातानं जमेना, म्हणून मीही हात लावला.